शुक्रवारच्या पेपरातली ओळ

एलिसेओ किन्योनेस एकवीस वर्षं वाचत होता, आणि त्या एकवीस वर्षांत त्यानं छापलेल्या मजकुरातला एक शब्दही इकडचा तिकडे केला नव्हता. हवानात बेलास्कोआइन रस्त्यावर त्या चिरुटांच्या कारखान्याचं लांबलचक दालन होतं. एकशेचाळीस माणसं ओळीनं बसून तंबाखूची पानं वळायची आणि एलिसेओ मधल्या उंच मंचावर बसून त्यांना वाचून दाखवायचा. सकाळी पेपर, जेवणानंतर कादंबरी. हात कामात आणि कान वाचणाऱ्या मास्तरांकडे, ही तिथली आजोबा-पणजोबांपासूनची रीत. वाचलेलं आवडलं की लोक पान कापायचं पातं फळीवर ठकठक वाजवायचे. नाही आवडलं तर पातं जमिनीवर टाकायचे. एलिसेओच्या कारकिर्दीत पाती जमिनीवर पडली ती दोनदाच, आणि दोन्ही वेळा दोष लेखकाचा होता असं तो शपथेवर सांगायचा.

बासष्ट सालच्या ऑक्टोबरातल्या त्या सोमवारी अमेरिकेच्या अध्यक्षांनी जाहीर केलं की क्युबात रशियानं अण्वस्त्रं आणून ठेवली आहेत आणि अमेरिकेच्या युद्धनौका बेटाला वेढा घालणार आहेत. दालनात याचं फारसं नवल कोणाला वाटलं नाही. सान क्रिस्तोबाल गावाकडे ज्यांचे नातेवाईक होते त्यांनी उन्हाळ्यातच ताडपत्रीखाली झाकलेल्या, माडाएवढ्या लांब वस्तू जाताना पाहिल्या होत्या. वळण घेताना त्या वाहून नेणाऱ्या ट्रकांनी एकाच्या घराचा कोपराही उडवला होता. सैनिक असून चौकड्यांचे शर्ट घालून आलेल्या गोऱ्यापान रशियन पोरांना सगळे ‘शेतीतज्ज्ञ’ म्हणायचे आणि पोट धरून हसायचे. आता ते हसू आटलं. दोन दांडगे एकमेकांच्या छाताडावर बंदूक रोखून उभे राहिले, आणि उभं राहायला त्यांना आमचंच अंगण सापडलं!

बुधवारी जेवणानंतर एलिसेओनं कादंबरी उघडली. एका दीपगृहवाल्याच्या मुलीची गोष्ट होती ती, अजून दोनशे पानं बाकी होती. पुढच्या ओळीतल्या केकानं हात वर केला. केका सत्तरीची, दात तीन, जीभ मात्र शाबूत.

“मास्तर, तेवढं शेवटचं पान वाचून टाका बघू.”

“अगं, अजून तर तिचं लग्नसुद्धा झालं नाही.”

“तिचं होईल हो सावकाश. आपलं काय? पुढच्या बुधवारी ऐकायला कोण उरणार आहे इथे?”

कोणी हसलं नाही. एकशेचाळीस तोंडं वर बघत होती. एलिसेओला एकदम गलबलून आलं, पण तो म्हणाला, “केका, जे छापलंय ते छापलंय त्याच क्रमानं वाचायचं. मी गाळत नाही आणि पदरचं घालत नाही.” आणि त्यानं पुढचं प्रकरण सुरू केलं.

त्याचं स्वतःचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. त्याचा एकुलता एक मुलगा एफ्राइन, वय एकोणीस, सान क्रिस्तोबालजवळ विमानविरोधी तोफेवर होता. अण्वस्त्रांच्या तळाचं रक्षण करणारी ती तोफ. म्हणजे अमेरिकेनं पहिला बॉम्ब टाकायचा म्हटलं तर तो तिथेच पडणार, हे दालनातल्या पोरासोरांनाही कळत होतं. पण एलिसेओला डाचत होतं ते वेगळंच. ऑगस्टमध्ये एफ्राइन कॉलेज सोडून फौजेत निघाला तेव्हा बापानं दारात उभं राहून, आपल्या त्या कमावलेल्या खणखणीत आवाजात सांगितलं होतं, “या दारातून गेलास तर मला मुलगा नाही.” पोरगा गेला. दोन महिन्यांत एक अक्षर नाही. जग बुडायचं तर बुडो, पण त्याआधी ते वाक्य परत घ्यायचं होतं. एवढंच एक मागणं त्याचं उरलं होतं.

त्याच तोफेवर ओविदिओ होता, सोइलाचा मुलगा. सोइला तिसऱ्या ओळीत खिडकीजवळ बसायची. नवरा साखर कारखान्यात मेला तेव्हा ओविदिओ पोटात होता. तिनं एकटीनं त्याला वाढवलं, चिरूट वळून वळून. गेल्या वर्षी साक्षरतेच्या मोहिमेत एक चौदा वर्षांची पोर तिच्याकडे कंदील घेऊन येत होती. चव्वेचाळिसाव्या वर्षी सोइला वाचायला शिकली, ओळीखाली बोट फिरवत, एकेक अक्षर फोडत. त्या दिवशी मास्तरांनी मंचावरून तिचं नाव घेतलं होतं आणि साऱ्या दालनानं पाती वाजवली होती.

गुरुवारी काम सुटताना युनियनचा कान्दिदो मंचाखाली उभा राहिला. शनिवारी सकाळी एक ट्रक चिरूट, घोंगड्या आणि कॉफी घेऊन सान क्रिस्तोबालच्या तोफांकडे निघणार होता. “ड्रायव्हरच्या शेजारी मी. माझ्या बाजूला आणखी एक माणूस मावेल. इथल्या दोघांची पोरं तिथे आहेत. बोला, कोणी जायचं?”

त्या दालनात सगळं मतांवर ठरायचं, पुढची कादंबरी कुठली तेसुद्धा. “आई जाऊ दे,” केका म्हणाली. हात वर झाले. एलिसेओनंही हात वर केला. मंचावरून तो सगळ्यांना दिसत होता, न करून करतो काय?

शुक्रवारी सकाळी त्यानं पेपर उघडला. सगळीकडे तेच. युद्धनौका, संयुक्त राष्ट्रांतली भाषणं, खंदक खोदणाऱ्या बायका. तो वाचत होता आणि आतून जीव तुटत होता. उद्या सोइला जाईल. परवा बहुतेक काहीच नसेल. दुसऱ्या पानाच्या तळाशी ऊसतोडणीची बातमी होती. ती संपली, आणि त्याचा आवाज थांबला नाही.

“सान क्रिस्तोबाल विभागातल्या विमानविरोधी तुकड्यांच्या जागी सोमवारी दुसऱ्या तुकड्या येणार असून तिथल्या जवानांना चोवीस तासांची रजा देऊन घरी पाठवण्यात येईल.”

आवाज तसाच, हवामानाची बातमी वाचावी तसा. दालनात पाती वाजायला लागली. तिसऱ्या ओळीतून सगळ्यांत जोरात.

हे त्याला अवचित सुचलं असं म्हणायची सोय नाही. पहाटेपासून ते त्याच्या डोक्यात घोळत होतं. खोटं सोमवारी उघडं पडणार हे त्याला माहीत होतं. पण सोमवार उजाडतोय कशाला? त्या आठवड्यात भलीभली माणसं असा हिशेब करत होती. कोणी साठवलेली साखर एका दिवसात संपवली, कोणी वीस वर्षांचं वैर मिटवलं. एलिसेओनं खोटं वाचलं.

दुपारच्या सुट्टीत सोइला मंचाजवळ आली. डोळे चमकत होते.

“मास्तर, उद्या तुम्ही जा.”

“मी? अगं, सगळ्यांनी तुला निवडलंय.”

“माझा सोमवारी घरीच येतोय की! चिखलात पाच मिनिटं तोंड बघण्यापेक्षा मी त्याला ताटावर बसवून पोटभर जेवू घालीन. शेजारणीकडून तिच्या रेशनचं डुकराचं मटण मिळतंय का बघते. तुमचं तसं नाही.” तिनं आवाज खाली केला. “तुमचा सोमवारी सुटला तरी घरी येईल का? तुम्ही काय बोललात ते सगळ्यांना ठाऊक आहे, मास्तर. जा, आणि बोलून या त्याच्याशी.”

त्यानं तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण बाहेर शब्द आला तो वेगळाच.

“उपकार झाले, सोइला.”

शनिवारी धो धो पाऊस. रस्ता लाल चिखलाचा. सोइलानं दिलेलं पुडकं एलिसेओच्या मांडीवर होतं, पेरूची वडी, चीजचा तुकडा आणि लोकरी मोज्यांचे दोन जोड. ते तोफेपाशी पोचले तेव्हा दोन अमेरिकन विमानं नुकतीच माडांच्या शेंड्यांना घासून गेली होती आणि पोरांनी त्यांच्यावर गोळे झाडले होते. लागला एकही नव्हता. पोरांचे चेहरे काळेठिक्कर पडलेले, कान बधिर, कोणी हसतंय तर कोणी बाजूला ओकतंय.

एफ्राइननं बापाला पाहिलं आणि तो जागच्या जागी उभा राहिला. एलिसेओनं वाटेत चार वाक्यं तयार केली होती. त्यातलं एकही आठवेना.

“घरी ये,” तो एवढंच, ओरडून म्हणाला. “जेव्हा सोडतील तेव्हा. घर तुझंच आहे.”

“ओरडू नका बाबा, ऐकू येतंय मला,” एफ्राइन म्हणाला, आणि बापाच्या भिजलेल्या खांद्यावर डोकं टेकून लहान मुलासारखा रडला. एलिसेओला त्या क्षणी वाटलं, आता पडू दे काय पडायचं ते.

मग ओविदिओ आला. उंच, काटकुळा, आईसारखेच डोळे. “मास्तर! आई कुठाय?”

“ती... सोमवारी तुझी वाट बघणार आहे. जेवायला.”

“सोमवारी?” ओविदिओ हसला. “कोणी सांगितलं तिला? मास्तर, इथून कोणाला लघवीलासुद्धा एकट्याला सोडत नाहीत. कसला सोमवार!”

एलिसेओनं पुडकं पुढे केलं. ओविदिओनं चिखलात बसून तिथेच बूट काढले, मोजे चढवले आणि कागदाचा तुकडा मागितला. आई आता वाचते याचं त्याला भारी कौतुक. पेन्सिलीनं मोठी मोठी, सुटी सुटी अक्षरं काढून त्यानं चिठ्ठी लिहिली आणि घडी घालून दिली. “तिला स्वतःला वाचू द्या हं. तुम्ही वाचून दाखवू नका.”

परतताना ट्रकमध्ये एलिसेओनं ती वाचली. चार ओळी. चिठ्ठी तिच्या हाती पडली की शुक्रवारची ओळ उघडी पडणार होती. शेजारी कान्दिदो म्हणत होता, “उद्या सकाळी राहिलेल्या घोंगड्या घेऊन पुन्हा तोफांकडे जायचंय. सोइलाला म्हणावं, यायचं असेल तर जागा आहे.” एलिसेओनं मान हलवली. हवानात उतरल्यावर तो सोइलाच्या गल्लीच्या तोंडाशी गेला. तिच्या खिडकीत ओविदिओचा सदरा धुऊन वाळत घातला होता. तो तिथे उभा राहिला, आणि मग घरी गेला. इतका भेकडपणा आपल्यात आहे हे त्याला त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हतं.

रविवारी रेडिओनं सांगितलं, मॉस्को अण्वस्त्रं परत नेणार, वॉशिंग्टन क्युबावर हल्ला करणार नाही. झालं. मिटलं. एलिसेओ खुर्चीत मटकन बसला. सुटकेनं त्याला हसू यायला लागलं. आता पोरं येतीलच. सोमवारी नाही तर बुधवारी, शुक्रवारी. आपलं खोटं आपोआप खरं होईल, चिठ्ठी द्यायचीसुद्धा गरज नाही.

त्याच संध्याकाळी तोफा रिकाम्या करायचा हुकूम आला. एका नळीत गोळा अडकला होता. तो काढताना फुटला आणि ओविदिओ गेला. युद्ध झालंच नव्हतं.

सोमवारी सोइला कामावर आली नाही. तिनं डुकराचं मटण मिळवलं होतं, काळे घेवडे शिजवले होते, टेबलावर स्वच्छ कापड घातलं होतं. बाराच्या सुमाराला दारावर थाप पडली तेव्हा ती हात पुसत, हसत, “आले आले” म्हणत धावली. दारात दोन अधिकारी टोप्या हातात घेऊन उभे होते. हे शेजारणीनं केकाला सांगितलं आणि केकानं दालनात सांगितलं. मंचावर एलिसेओच्या हातात पेपर होता. त्या दिवशी त्याला तो वाचता आला नाही. लोकांना वाटलं, मास्तरांचं मन फार हळवं.

नोव्हेंबर उजाडला. एलिसेओ रोज वाचत होता, कोण कोणाला भेटलं, परत निघालेल्या जहाजांवरची अण्वस्त्रं कोणी कशी मोजायची, रशियाची बॉम्बफेकी विमानं परत जाणार की नाही. आणि दालन रोज पेटत होतं. भीती गेली आणि तिच्या जागी संताप आला.

“घर आपलं, भांडण त्यांचं, आणि मिटवताना आपल्याकडे ढुंकून बघितलं नाही!” कान्दिदो गरजायचा.

“मोलकरणीला तरी विचारतात, बाई, उद्या येणार का म्हणून,” केका म्हणायची. “आम्हाला तेवढंही नाही?”

पेपरातही तेच शब्द असायचे आणि ते वाचताना एलिसेओ आवाज चढवायचा. ‘आम्हाला न विचारता.’ पाती कडाडून वाजायची. तिसऱ्या ओळीत काळ्या कपड्यांतली सोइला पान पसरायची, कापायची, वळायची. तिचं पातं वाजत नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत ती मंचाजवळ येऊन उभी राहायची. एकदा आली, दोनदा आली, तिसऱ्यांदा आली.

“मास्तर, शेवटचं काय बोलला हो तो?”

“तुझी आठवण काढत होता, सोइला.”

“आणि?”

“मोजे आवडले त्याला.”

ती मान हलवून परत जायची. चिठ्ठी एलिसेओच्या कोटाच्या आतल्या खिशात होती. जाळायचा विचार त्याच्या मनात आला नाही असं नाही. दोनदा काडी पेटवली होती. पण पोराच्या हातचं शेवटचं अक्षर होतं ते. आईचा शेवटचा शनिवार तर त्यानं घेतलाच होता. आता हेही घ्यायचं?

वेढा उठल्याची बातमी आली त्याच आठवड्यात एफ्राइन रजेवर घरी आला. बापलेक समोरासमोर बसून जेवले. ज्या जेवणासाठी एलिसेओनं सगळं केलं होतं ते हे जेवण. एफ्राइन ताटाकडे बघत म्हणाला, “बाबा, ओविदिओ रविवारी पहाटेपासून रस्त्याकडे डोळे लावून होता. आपला ट्रक आला तेव्हा धावत गेला. कान्दिदो एकटाच उतरला. चिठ्ठी दिली होतीत ना तुम्ही?”

“दिली,” एलिसेओ म्हणाला.

त्यानं ताट तसंच बाजूला सारलं.

दुसऱ्या दिवशी पेपर वाचून झाल्यावर तो मंचावरून खाली आला. वाचक कामाच्या वेळात खाली येत नाही, त्यामुळे सगळ्यांचे हात थांबले. तिसऱ्या ओळीत जाऊन त्यानं चिठ्ठी सोइलाच्या फळीवर ठेवली.

“ओविदिओनं दिली होती. त्या शनिवारी.”

सोइलानं हात पुसले. ओळीखाली बोट ठेवलं. ओठ हलत होते. चार ओळींना तिला किती वेळ लागला देव जाणे. शेवटच्या शब्दाशी पोचल्यावर ती पुन्हा पहिल्या ओळीवर गेली. मग तिनं मान वर केली.

“शुक्रवारच्या पेपरात ती ओळ होती?”

“नव्हती.”

“तू घातलीस.”

“हो.”

वीस वर्षं ती त्याला अहोजाहो करत आली होती.

“मला म्हणाला असतास तर?” सोइलाचा आवाज चढला नाही. “मास्तर, मला माझ्या पोराशी बोलायचंय, मला जाऊ दे, असं नुसतं म्हणाला असतास, तरी मी दिली असती जागा. आणि रविवारी मी गेले असते. महिनाभर वर बसून ओरडतोयस, आम्हाला विचारलं नाही, आम्हाला विचारलं नाही. मला विचारलंस?”

गुडघे टेकावेत असं एलिसेओला वाटलं, पण तेसुद्धा नाटक झालं असतं.

सोइलानं चिठ्ठी त्याच्यापुढे धरली. “वर जा. सगळ्यांना वाचून दाखव.”

“सोइला, तो म्हणाला होता, तू स्वतः...”

“मी वाचली. आता तू वाच. जे आहे तेवढंच वाच.”

तो मंच चढला. त्यानं चिठ्ठी उलगडली आणि ज्या आवाजानं एकवीस वर्षं जग वाचून दाखवलं होतं त्या आवाजात वाचली.

“आई, मास्तर म्हणतात तू सोमवारी माझी वाट बघणार. सोमवारी आम्हाला कोणी सोडत नाही. तूच पुढच्या गाडीनं ये. मोजे ऊबदार आहेत. मी इथेच आहे.”

पहिलं पातं केकानं टाकलं. मग कान्दिदोनं. मग ओळीओळीनं लोखंड फरशीवर पडत गेलं आणि तो आवाज थांबेपर्यंत एलिसेओ मंचावर उभा राहिला. या वेळी दोष लेखकाचा नव्हता.

सोइलाचं पातं फळीवरच होतं. ती उठली, मंचापाशी आली आणि तिनं हात वर केला.

“दे इकडे,” ती म्हणाली. “चिठ्ठी माझी आहे.”